ट्रेक, कॅम्पिंग, रोड ट्रिपला खायला काय न्यायचं? शिदोरीचं साधं गणित समजून घ्या

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. शुक्रवारी रात्री पुण्यातून निघून पहाटे पाचनईत पोहोचायचं आणि हरिश्चंद्रगड चढायचा, असा आठ जणांचा प्लॅन. जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी घरून मोठा डबा भरून व्हेज पुलाव नेला. रात्री नऊला गरमागरम भरला, झाकण घट्ट लावलं, वर टॉवेल गुंडाळला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला कोकणकड्यावर डबा उघडला तेव्हा पुलाव कोमट होता. वास ठीक, चव ठीक. सगळे खूश.

चार वाजता पहिल्याला उलटी झाली. सहापर्यंत आठपैकी पाच जण आडवे. त्यातल्या एकाला पायावर उभंही राहता येईना. त्याला अंधारात, टॉर्चच्या उजेडात, दोघांनी खांद्याचा आधार देत खाली आणलं. गावातल्या एका जीपने दवाखान्यात पोहोचवलं, सलाइन लागलं, सकाळपर्यंत तो सावरला. आज हा किस्सा सांगताना आम्ही हसतो, पण त्या उतारावर कुणीच हसत नव्हतं.

नेमकं काय झालं हे कुणी प्रयोगशाळेत तपासलं नाही. पण सोळा तास कोमट राहिलेला भात आणि खाल्ल्यावर तीन तासांत उलट्या, एवढं कळल्यावर कोणताही डॉक्टर पहिला संशय डब्यावरच घेईल. नंतर मी याबद्दल वाचत गेलो तेव्हा कळलं, की प्रवासात खायला काय न्यायचं याचं एक सोपं गणित आहे आणि ते आपल्या आज्यांना पाठ होतं. आज तेच समजून घेऊ.

आधी हे समजून घ्या : डब्यातलं अन्न बिघडतं कसं?

अन्न बिघडवणाऱ्या जिवाणूंना मुख्यतः तीन गोष्टी लागतात. ऊब, पाणी आणि वेळ.

ऊब म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिजवलेलं अन्न ५ अंश सेल्सिअसच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवावं. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा धोक्याचा. शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हाही त्यांचाच नियम. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात तो एका तासावर आणलेला बरा.

आता माझा पुलाव आठवा. गरम डबा टॉवेलात गुंडाळला, म्हणजे तो हळूहळू गार होत गेला आणि तासन्‌तास नेमका धोक्याच्या पट्ट्यात राहिला. मला वाटत होतं मी अन्न गरम ठेवतोय. खरं तर मी जिवाणूंसाठी उबदार अंथरूण घातलं होतं.

भाताची आणखी एक भानगड आहे. तांदळावर ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे “गडावर परत गरम करून खाऊ” हा उपाय इथे चालत नाही. शिवाय त्याला वास येत नाही, चव बदलत नाही. त्यामुळे वास घेऊन “चांगलं आहे रे” म्हणणं ही परीक्षाच चुकीची आहे.

वेळ आपल्या हातात नसतो. ट्रॅफिक लागतं, वाट चुकते. ऊबही हातात नसते, कारण सॅक उन्हात असते. उरलं काय? पाणी. म्हणून प्रवासाच्या खाण्याचा पहिला नियम : ओलं आधी खा, कोरडं नंतर खा. आणि जितके दिवस जास्त, तितकं खाणं कोरडं न्या.

आजीने हे कसं सोडवलं होतं?

अन्नातलं सगळंच पाणी जिवाणूंना वापरता येत नाही. त्यांना लागतं ते मोकळं पाणी. अन्नशास्त्रात त्याचं माप ० ते १ असं असतं. शुद्ध पाण्याचं १. भात, भाज्या, उसळी ०.९५च्या पुढे. हे माप ०.८५च्या खाली गेलं, की आजारी पाडणारे बहुतेक सगळे जिवाणू वाढू शकत नाहीत. ०.६च्या खाली तर बुरशीचाही निभाव लागत नाही.

मोकळं पाणी कमी करायचे मार्ग मोजकेच. भाजणे, तळणे, वाळवणे किंवा गूळ-साखर-मीठ घालून पाणी बांधून ठेवणे. आता आपल्या प्रवासी पदार्थांची यादी बघा. यातला एकेक मार्ग त्यात दिसेल.

गुळपोळी, तिळाची वडी, चिक्की : गूळ पाणी बांधून ठेवतो, भाजण्याने उरलेलं उडतं. चिवडा, भडंग, कुरमुरे : आधीच कोरडे. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी : भाजलेलं आणि मीठ घातलेलं. सोलापूरकडची कडक भाकरी : ज्वारी-बाजरीची पातळ भाकरी पापडासारखी होईपर्यंत सुकवलेली, कित्येक दिवस टिकणारी. सातूचं पीठ : भाजलेल्या धान्याचं आणि डाळव्याचं. पाणी आणि गूळ घातला की तयार, चूल पेटवायचीही गरज नाही.

दशमीची गोष्ट थोडी वेगळी आहे. पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं. त्यामागे सोवळ्याचं कारणही होतं, कारण दुधात भिजवलेलं अन्न प्रवासात चालायचं. दुधामुळे दशमी मऊ राहते हे खरं. पण दुधामुळे ती जास्त टिकते असं अनेकांना वाटतं, ते तितकंसं खरं नाही. टिकण्याचं श्रेय नीट भाजून पाणी उडवण्याला आहे. म्हणून दशमी दिवस-दीड दिवसाची सोबतीण माना, आठवड्याची नाही.

थोडक्यात, परदेशी एनर्जी बार शोधण्याआधी स्वयंपाकघरातले डबे उघडा. निम्मं काम तिथेच होतं.

कधी काय खायचं? घड्याळ लावून डबा भरा

पॅकिंग करताना पदार्थांची नावं नका लिहू, तास लिहा. समोर पदार्थ आपोआप येतात.

पहिले दोन तास : पोहे, उपमा, उकडलेली अंडी, सँडविच, इडली. घरून निघून पहिल्या थांब्याला संपवायचे. उरले तर मोह टाळा. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि मेयोनीज हे तर सगळ्यात आधी बिघडणारे गडी.

पहिला दिवस : तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, थालीपीठ, धपाटे, ठेपले, मेथीचे पराठे (बटाट्याचं सारण भरलेले नाहीत, त्यात पाणी जास्त). सोबत कोरडी चटणी किंवा लोणचं. अख्खी फळं : केळी, पेरू, संत्री, सफरचंद. अख्खी काकडी आणि गाजर. फळं घरून कापून नेऊ नका. साल हे निसर्गाचं पॅकेजिंग आहे, ते खायच्या वेळीच काढा.

दुसरा दिवस आणि पुढे : गुळपोळी, कडक भाकरी, खाकरा, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, फुटाणे, शेंगदाणे, खजूर, मनुका, भडंग, सातूचं पीठ, मेतकूट. बेसनाचे, डिंकाचे लाडूही चालतात, कारण त्यात तूप, साखर आणि भाजलेलं पीठ असतं, पाणी जवळपास नसतंच.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. पुऱ्या, पोळ्या, थालीपीठ गरम असताना डब्यात भरू नका. वाफेचं पाणी होतं, झाकणावरून थेंब पडतात आणि कोरडा पदार्थ ओला होतो. जाळीवर किंवा कापडावर पूर्ण गार करा, मगच भरा. आणि डबा भरताना हात धुतलेले हवेत. हातावरच्या जिवाणूंमुळेही अन्नात विष तयार होऊ शकतं. पोळ्यांची चळत हाताने दहा वेळा चाळवणं म्हणजे त्यांना आमंत्रण.

गाडीतली भूक आणि गडावरची भूक सारखी नसते

‘हेल्दी स्नॅक्स’ अशा याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्यातली मोठी गडबड अशी, की त्या रोड ट्रिप आणि ट्रेक यांना एकाच टोपलीत टाकतात.

सॅक घेऊन चढताना ६५ किलोचा माणूस तासाला साधारण ४०० ते ५०० कॅलरी खर्च करतो. गाडीत बसलेला माणूस तासाला जेमतेम शंभराच्या आसपास. म्हणजे कळसूबाईच्या (१६४६ मीटर) शिड्या चढणाऱ्यासाठी गूळ-शेंगदाण्याची चिक्की हे इंधन आहे. तीच चिक्की मुंबई-गोवा रस्त्यावर मागच्या सीटवर बसून खाल्ली, तर ती फक्त मिठाई आहे.

मिठाचंही तसंच. घाम गाळणाऱ्याला खारं हवं असतं. बसून राहणाऱ्याला नको. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाकिटावर मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणा, मिठाचं वजन मिळेल. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. आणि हे आकडे बऱ्याचदा १०० ग्रॅमचे किंवा एका सर्व्हिंगचे असतात, अख्ख्या पाकिटाचे नाहीत. हेही तपासा.

लेबलवरची दुसरी युक्ती : घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. एखाद्या ‘मिलेट बार’च्या यादीत पहिली साखर किंवा ग्लुकोज सिरप असेल आणि नाचणी पाचव्या नंबरवर, तर तो साखरेचा बार आहे. नाचणी फक्त फोटोपुरती.

मग चिप्स वाईट आणि शेंगदाणे चांगले, असं का म्हणतात? कॅलरी बघाल तर चकित व्हाल. १०० ग्रॅम चिप्स आणि १०० ग्रॅम शेंगदाणे, दोन्हींत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. फरक पुढे आहे. शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं, चिप्समध्ये सहा-सात. शेंगदाण्यात तंतूही जास्त. त्यामुळे मूठभर शेंगदाण्यांनी पोट शांत होतं. चिप्सचं पाकीट संपतं आणि हात दुसऱ्या पाकिटाकडे जातो. फुटाण्यांतही १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि तेल शेंगदाण्यापेक्षा बरंच कमी. गाडीत बसून चघळायला फुटाण्यांइतकी स्वस्त आणि शहाणी गोष्ट सापडणं कठीण.

रोड ट्रिप : ड्रायव्हरसाठी वेगळा डबा

नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला आणि सगळा रस्ता खुला झाला. रस्ता सरळ, वेग जास्त, वळणं कमी. जुन्या रस्त्यांसारखे दर दहा मिनिटांनी ढाबे आणि गावं लागत नाहीत. अशा ठिकाणी डबा नुसता हौसेसाठी नसतो, सुरक्षिततेसाठीही असतो.

दुपारी भरपेट बटर नान-पनीर खाऊन स्टिअरिंगवर बसलं की सुस्ती येते, हे कुणी सांगायला नको. ड्रायव्हरने एकदम जेवण्यापेक्षा दर दोन तासांनी गाडी थांबवून थोडं खावं. एक थालीपीठ, एखादं फळ, मूठभर फुटाणे. आणि गाडी चालवताना काही सोलणं, बुडवणं, पाकीट दाताने फाडणं नको. ज्याला दोन हात लागतात ते थांबल्यावरच. झोप येत असेल तर मात्र कुठलाही स्नॅक तिच्यावर उपाय नाही. गाडी बाजूला सुरक्षित जागी घ्या आणि झोपा.

लहान मुलं सोबत असतील तर एक धोका लक्षात ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलांना धावत्या गाडीत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बदाम किंवा कडक चिक्की देऊ नका. गचका बसला की दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यांच्यासाठी केळं, मऊ दशमी, कुस्करलेला राजगिऱ्याचा लाडू.

गाडी लागणाऱ्यांनी निघण्याआधी तेलकट आणि मसालेदार टाळावं, पण पूर्ण रिकाम्या पोटीही बसू नये. कोरडी पोळी, कुरमुरे असं हलकं काहीतरी खावं. आलेपाक किंवा आल्याचा तुकडा अनेकांना उपयोगी पडतो.

आणि गाडी उन्हात लावून फिरायला जाणार असाल, तर खाणं आत ठेवू नका. बाहेर ३५ अंश असताना बंद गाडीत तासाभरात पारा पन्नाशीच्या आसपास जातो. चॉकलेटचं पाणी होतं हे दिसतं. दह्याचं, अंड्याचं, पनीरचं काय होतं ते दिसत नाही. असं काही न्यायचंच असेल तर आइसबॉक्स घ्या. बर्फाऐवजी पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री गोठवून त्यात ठेवा. खाणं थंड राहतं आणि बर्फ वितळला की प्यायला गार पाणी मिळतं.

ट्रेक आणि कॅम्पिंग : किती न्यायचं?

पहिल्यांदा जाणारे दोन चुका करतात. एक तर लग्नाच्या वऱ्हाडाइतकं नेतात किंवा दोन बिस्किटपुडे घेऊन निघतात. खाली एका माणसाची दोन दिवसांची, एका मुक्कामाची यादी दिली आहे. शनिवारी पहाटे निघून रविवारी संध्याकाळी परत, असं धरून.

- शनिवार सकाळ : २ केळी, ४ तिखटमिठाच्या पुऱ्या
- दोन्ही दिवस चढता-उतरताना : शेंगदाणे, फुटाणे, मनुका यांचं मिश्रण १५० ग्रॅम, २ राजगिऱ्याचे लाडू, २ चिक्क्या
- शनिवार दुपार : ४ दशम्या, शेंगदाण्याची चटणी, १ काकडी
- शनिवार रात्र : तांदूळ आणि मूगडाळीचं कोरडं मिश्रण १०० ग्रॅम, त्यातच हळद-मीठ-गोडा मसाला, छोट्या डबीत तूप
- रविवार सकाळ : सातूचं पीठ ६० ग्रॅम, गूळ ३० ग्रॅम
- रविवार दुपार : २ कडक भाकऱ्या, उरलेली चटणी, १ कांदा

सगळं मिळून वजन सव्वा ते दीड किलोच्या आत बसतं. यात भात आहेच, पण तो तिथे शिजणार आणि लगेच संपणार. पुलावाचा धडा मी असा शिकलो. आता तांदूळ नेतो, भात नेत नाही.

चढताना भूक लागण्याची वाट बघू नका. दर तासाला मूठभर काहीतरी तोंडात टाका. पाय अचानक जड होणं, चिडचिड होणं, थरथरणं ही बऱ्याचदा इंधन संपल्याची खूण असते. सुका खाऊ सॅकच्या तळाशी नको, कमरेच्या खिशात हवा. जो खाऊ काढायला सॅक उतरवावी लागते, तो खाल्ला जात नाही.

स्टोव्ह नेणार असाल तर तीन गोष्टी. तंबूच्या आत कधीही पेटवू नका. आगीचा धोका आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याचा वास येत नाही. हिवाळा संपता संपता डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं, तेव्हा उघडी चूल टाळा आणि जिथे मनाई आहे तिथे पेटवूच नका. आणि कसाऱ्याला लोकलने जाणार असाल तर गॅस सिलेंडर सोबत घेऊ नका. रेल्वेत असे ज्वलनशील पदार्थ नेणं हा गुन्हा आहे. अशा वेळी सगळा मेन्यू न शिजवता खाण्याचा ठेवा. सातू, कडक भाकरी आणि चटणी त्यासाठीच आहेत.

आणि एक जेवण पायथ्याच्या गावासाठी मोकळं ठेवा. बारी, पाचनई, गुंजवणे अशा गावांमध्ये घरोघरी पिठलं-भाकरी मिळते. ताजी, चुलीवरची, समोर केलेली. सुरक्षित अन्नाच्या सगळ्या अटी पूर्ण करणारी. गावाला दोन पैसे मिळतात, तुमची सॅक हलकी होते.

पाण्याचं काय?

उन्हात चढताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी धरा. गडावरच्या टाक्यातलं पाणी नितळ दिसतं म्हणून ते शुद्ध असतं असं नाही. खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापरा.

साध्या घामासाठी लिंबू सरबत, कोकम सरबत, मीठ घातलेलं ताक पुरेसं आहे. पण उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएसच हवं. पुडीवर जितकं पाणी लिहिलंय तितक्यातच घाला, अंदाजपंचे नाही. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. यापेक्षा गोड किंवा खारट झालं तर फायद्याऐवजी तोटा होतो. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. काही पेयांच्या नावातच ‘ओआरएस’ असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा नावांना मनाई केली.

पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी बंद झाली असेल, ताप असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल तर ट्रेक तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. आम्ही त्या दिवशी “थोडा आराम कर, बरं वाटेल” म्हणत दोन तास घालवले होते. ते घालवायला नको होते.

यांनी जरा जास्त काळजी घ्या

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना जास्त चालल्यामुळे साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच तीन छोटे चमचे साखर किंवा तितकंच ग्लुकोज घ्यावं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. अशा वेळी चिक्की कामाची नाही. तिच्यातल्या शेंगदाण्याच्या तेलामुळे साखर रक्तात हळू पोहोचते. ग्लुकोजची पुडी खिशात हवी आणि ती कुठे आहे हे सोबत्याला माहीत हवं.

ग्रुपमध्ये कुणाला शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी आहे का, हे निघण्याआधी विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुरतो. शेंगदाणे कडू, खवट किंवा बुरशी आलेले असतील तर निवडत बसू नका, फेकून द्या. त्या बुरशीचं विष भाजल्यानेही पूर्ण जात नाही.

उपवास असेल तर राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याचे लाडू, केळी हे उत्तम. साबुदाण्याची खिचडी मात्र पहिल्या दोन तासांच्या यादीतली.

डबा कसा भरायचा?

प्रत्येक वेळचं खाणं वेगळ्या डब्यात किंवा कापडी पिशवीत. एकच मोठा डबा दहा वेळा उघडला की दहा वेळा हात लागतात. कोरड्यासाठी हवाबंद डबे, कारण आपल्या पावसाळ्यात चिवडा अर्ध्या तासात मऊ पडतो. केळी सगळ्यात वर किंवा वेगळ्या डब्यात, नाहीतर सॅकमध्येच शिकरण होतं.

पाकिटं घरीच फोडून खाऊ डब्यात भरा. जे पाकीट गडावर गेलंच नाही, ते गडावर पडणारही नाही. राजगड, रायगड, साल्हेर, लोहगड यांच्यासह १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तिथल्या तटबंदीच्या फटीत आपल्या वेफर्सचं पाकीट सापडावं, हे काही बरं दिसत नाही. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी ठेवा. केळ्याची सालं, संत्र्याची सालंही तीतच. ‘कुजतंच की’ म्हणून फेकलेल्या सालींसाठी माकडं येतात.

माकडांना मुद्दाम खायला घालू नका. एकदा सवय लागली की ती पुढच्या माणसाची पिशवी ओढतात आणि हे सगळं कड्याच्या टोकावर घडतं. हातात पिशवी दिसू देऊ नका, खाऊ सॅकच्या आत ठेवा. रात्री गुहेत किंवा देवळात मुक्काम असेल तर खाण्याची पिशवी उंच टांगा. नाहीतर उंदीर तुमच्याआधी नाश्ता करतात.

लक्षात काय ठेवायचं?

निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक पदार्थासमोर उभे राहा आणि दोन प्रश्न विचारा. यात पाणी किती आहे? आणि हे मी किती तासांनी खाणार आहे? पाणी जास्त आणि तास जास्त, असं उत्तर आलं तर तो पदार्थ घरीच ठेवा. मग तो कितीही चविष्ट असो आणि आईने कितीही प्रेमाने केलेला असो.

आमचा तो आठ जणांचा ग्रुप अजून ट्रेकला जातो. त्यातला एक जण आजही माझ्या हातचा डबा उघडण्याआधी विचारतो, “कधी केलंयस?” मी चिडत नाही. प्रश्न बरोबर आहे. तुमच्या ग्रुपमध्येही तो कुणीतरी विचारायला हवा.